कुत्र्यानं काय खाल्लं

मंचर, २५ ऑगस्ट २००३

कुत्रं उठेना. काल ओकलं तेव्हा म्हटलं, हावरट आहे, खाल्लं असेल कुणाचं काहीतरी. आज बसल्या जागी मुतलं — रंग काळ्या चहासारखा. कुत्रं आणलं नातीनं, रिद्धीनं, बादशा नावही तिनंच ठेवलं, आता नुसती रडतेय. सुनेनं हळदीचं दूध पुढं ठेवलं. म्हटलं, बाळंतीण आहे का ते? दवाखान्यात न्या.

पोरानं, अमृतलालनं, स्कूटर काढली. मधे कुत्रं, मागं मी. ऐन पर्युषणात सगळी बाजारपेठ बघतेय — झमकूबाई कुत्रं मांडीवर घेऊन निघाल्या.

गुरांचा डॉक्टर म्हशीत गुंतलेला. हात धुऊन आला, कुत्र्याचे ओठ उचलले. हिरड्या पांढऱ्याफटक.

"आजी, कांदा खाल्ला का यानं?"

"डॉक्टर, आमी जैन. घरात बटाटा येत न्हाई, कांदा कुठला?"

"कांद्यानं कुत्र्याचं रक्त मरतं. खाल्ला असला तर सांगा. न्हाईतर मी भलतंच औषध देत बसंन आणि हे जाईल."

ठणकावून सांगितलं, आमच्या सात पिढ्यांत नाही. अमृत छताकडं बघत होता. गोचीडतापाची सुई टोचून घेऊन आलो.

२६ ऑगस्ट

कुत्रं पाणीही पिईना. अमृतही जेवला नाही. सून म्हणते, उपास धरला असेल. यानं? जन्मात नाही.

२७ ऑगस्ट

कुत्र्यानं मान टाकली. सगळेच गेलो. डॉक्टरनं सलाईन लावलं. म्हणाला, "अजून आठवा. आज कळलं तर वाचंल."

अमृत मला म्हणाला, "बाई, तू जरा बाहेर थांब."

मी कशाला थांबतेय.

मग बोलला. गोरखच्या गाड्यावरची कांदाभजी. रोज दुकान बंद करून. निम्मी स्वतः, निम्मी कुत्र्याला — त्याचं तोंड बंद राहावं म्हणून. कुत्रं काय मला येऊन सांगणार होतं? म्हशीची मोठी सुई तिथं रिकामीच पडली होती, अमृतला टोचावीशी वाटली.

डॉक्टर म्हणाला, नुसत्या भज्यांनी एवढं व्हायचं नाही. आणखी कुणी?

सून पदराशी खेळायला लागली. शेजारच्या अश्विनीकडचं कांदा घातलेलं पिठलं. उरलेलं कुत्र्याला. रिद्धी तर आधीच हुंदके देत होती — मिसळीवरचा चिरलेला कांदा कागदात बांधून आणायची. "त्याला लई आवडतो, बाई."

डॉक्टरनं तोंड म्हशीकडं फिरवलं. पाठ हलत होती मेल्याची. पण औषध बदललं.

२९ ऑगस्ट

पाणी प्यालं.

३१ ऑगस्ट

संवत्सरी, क्षमा मागायचा दिवस. कुत्रं आपल्या पायांनी ओट्यावर आलं. तिघांनी वाकून मला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. दरसाली पुटपुटतात. यंदा शब्द न् शब्द ऐकू आला.

३ सप्टेंबर

मागच्या दारी वेगळा स्टोव्ह मांडून दिला. कांदा खायचा तर तिथं, मला सांगून. बादशाचं ताट आजपासून माझ्याशेजारी. घरात कांदा न खाणारी आम्ही दोघंच उरलो.