दुहेरी चामड्याचे हातमोजे

प्रिय ठमाबाई,

सुखरूप पोचलो. दारात पाऊल ठेवतोय तोच तुझ्या आईनं विचारलं, एकटेच आलात? मी चपला काढण्यात उगाच वेळ काढला. तिनं मला तुला परत आणायलाच पाठवलं होतं, हे तुला काय सांगायचं! माझा बेत तू फाटकातच ओळखलास. सापांच्या दवाखान्यात पोरगी ठेवायची की घरी आणायची, हा प्रश्न आमच्याकडे रोज जेवताना असतोच.

म्हणून तर ते हातमोजे शिवले. दुहेरी चामडं, कोपरापर्यंत लांब, बोटांच्या टोकांना आणखी एक थर. जन्मभर भट्टीवाल्यांचे मोजे शिवले, पण इतकं मन लावून कधी नाही. आणि तू ते सरळ खुंटीला अडकवलेस. खरं सांगतो, राग आला मला. मग तू मलाच ते घालायला लावलेस, धुण्याच्या जागेवरचा रबरी पाइप पाणी सोडून हातात दिलास, हळूच धरा म्हणालीस. मी अगदी हलक्या हातानं धरला. पाणी बंद पडलं आणि मला पत्ताच नाही! साप असता तर त्याच्या बरगड्या मोडल्या असत्या आणि तो उलटला असता, म्हणालीस. वर मोठ्या घोणशीचा दात या चामड्यातूनही जातो म्हणे. भट्टीवाल्याच्या बोटांना काही कळू नये म्हणून आम्ही शिवतो. तुझ्या बोटांना तर सगळं कळायला हवं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

नंतर काचेपलीकडून जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मनगटाहून जाड, जखमी घोणस. तुझी ना घाई, ना झटापट. लांब दांड्याच्या लोखंडी आकडीनं तू लांबूनच तिला वाट दाखवलीस आणि ती आपणहून त्या पारदर्शक नळीत शिरली. डोकं पुढे गेलं, वळायला जागा उरली नाही, तेव्हाच तू नळी आणि तिचं अंग एकत्र धरलंस. डॉक्टरीणबाई टाके घालत होत्या. तुझी बोटं तिच्या श्वासाबरोबर जराशी सैल होत होती, पुन्हा आवळत होती. माझ्या दोऱ्याची रिळं गुंतवून ठेवणारी कार्टी ती हीच का, असं वाटलं. हात जोडावेसे वाटले. तुला की तिला, ते काही कळेना.

हे सगळं तुझ्या आईला सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या आठवड्यात ती स्वतःच येतेय. माझ्याकडून आणखी जाड मोजे शिवून घेतलेत तिनं, मीही मुकाट्यानं शिवून दिले. ती ते स्वतः तुझ्या हातात चढवेल, शपथ घालेल, रडेलही. त्यासाठीच हे पत्र. ती कितीही रडली तरी माझे मोजे घालू नकोस.

तुझाच,
बाबा