अप्पांची बिनलायसनची स्कूटर

बर्लिन

तीर्थरूप अप्पांना दानेश्वरीचा शरणार्थ.

आम्ही सुखरूप आहोत. काल मात्र पोलिसानं तुमच्या जावयांची उभ्यानं चालवायची इलेक्ट्रिक स्कूटर अडवली, कारण मागं मी उभी होते. इथं एका स्कूटरवर एकच माणूस. मी गुडघेदुखी सांगितली. त्यानं अगदी मायेनं ऐकून घेतली आणि दंड ठोकला. आपला धाकटा संगमेश सिंगापुरातून सांगतो, तिथं फुटपाथवर चालवली तर थेट कोर्ट.

आणि तुम्ही! मोतीबिंदूमुळं लायसन वाढवून मिळालं नाही, तर हळू पळणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन लागत नाही म्हणून ती घेतलीत. कायद्याला तुमचे डोळे दिसत नसतील, मला दिसतात.

अव्वा फोनवर म्हणाली, "तुझे अप्पा परवा उसाच्या ट्रॅक्टरला घासून आले." कोपर कसं आहे? खरं सांगा.

चौकातला हवालदार प्रभुलिंग तुमचा विद्यार्थी, म्हणून त्याला फोन केला की अप्पांना अडव. तर म्हणाला, "ताई, गुरुजी उलट्या बाजूनं आलं तरी मी आधी सलाम ठोकतो. त्यांच्यापुढं हात आडवा हुईत न्हाय. तुम्हीच या की."

येतेय. तोवर चावी अव्वाकडं द्या. ती तुमच्या वर्गात नव्हती.

तुमची लेक,
दानव्वा