नर्सला 'आहे' नसतं

बाई, तुमची खुर्ची मी मागच्या आठवड्यात भंगारात दिली. तीच, वेताच्या बैठकीची, पाठीवर तुमच्या पदराच्या पिनेचे ओरखडे पडलेली. तुमच्यानंतर धुळ्याच्या या नर्सिंग शाळेत दोन ट्यूटर होऊन गेल्या आणि दोघी निमूट तिच्यावर बसल्या. आता ही खोली माझी आहे. भंगारवाला खुर्ची उचलता उचलता थांबला आणि म्हणाला, "मॅडम, खुर्ची ते चांगली शे. काब काढी राहिनात?" मी म्हटलं, "पाठ दुखते हिच्यावर." माझी पाठ दुखत नाही. त्यानं खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि फाटकाबाहेर गेला, तेव्हा मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी रोजनिशी लिहायला बसले तर 'आज' या शब्दाच्या पुढे काही सुचेना, आणि लक्षात आलं की मला जे लिहायचंय ते रोजनिशीत मावणारं नाही. ते तुम्हालाच लिहायला हवं.

त्याच्या तोंडचं ते 'शे', आमच्या अहिराणीतलं 'आहे', तुम्हाला चाललं नसतं. तुम्ही अस्सल शहरी बोलायच्या, आणि आम्ही मुली कुणी साक्रीच्या, कुणी बोदवडच्या, मी शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याची. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी पहिल्या वर्षाला, म्हणजे वॉर्डात ताप बघायचा, अंग पुसायचं आणि गप्प राहायचं. एका दुपारी, जेवणाची गाडी वॉर्डात येत असताना, मी एका तरण्या माणसाचं अंग पुसत होते. मोहाच्या झाडावरून पडून तो आदल्या दिवशी दाखल झालेला. आल्या आल्या तो बरा होता, बायकोशी थट्टा करत होता. आता त्याचं कपाळ गार आणि ओलं लागत होतं, ओठ पांढरे पडले होते, बोटाखाली नाडी पळत होती, आणि तो सारखा म्हणत होता, "पानी दे वं माय, पानी दे." डावा खांदा दुखतो म्हणून तो कुशीवर वळायला बघत होता, आणि खांद्याला तर काहीच लागलेलं नव्हतं. पोट हाताला फळीसारखं. इतक्यात सर्जन राउंडवर आले, त्यांच्यामागे तुम्ही. मी हातातला फडका तसाच धरून म्हणाले, "सर, याना पोटमा रगत साचेल शे."

घाबरलं की माणूस घरचं बोलतो. सर्जन हसले. "काय शे?" म्हणाले, आणि तुमच्याकडे वळून, "बाई, तुमची पोरगी डॉक्टर झाली शे!" सगळा वॉर्ड हसला, पलीकडच्या खाटेवरचा पाय मोडलेला म्हातारासुद्धा. मग त्यांनी सहज म्हणून त्याच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांचं हसू उतरलं. सुई घालून बघितली, रक्त आलं. त्याला लगेच थिएटरात नेलं. तो वाचला, बाई. चालत घरी गेला. हे मी तुम्हाला मुद्दाम लिहिते आहे, कारण त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यात हा माणूस वाचल्याचा कुठंच उल्लेख नव्हता.

संध्याकाळी वर्गात तुम्ही मला फळ्याजवळ उभं केलंत. "तू बरोबर होतीस की चूक, हा मुद्दा नाही," तुम्ही म्हणालात. "नर्सला 'आहे' नसतं. नर्सला 'वाटतं' असतं. आणि 'शे' तर गुराढोरांना असतं." मग खिडकीकडे बोट दाखवून, "ते काय?" मी म्हणाले, "खिडकी." "नीट सांग." "मला वाटतं, खिडकी आहे, बाई." "आणि हे?" "मला वाटतं, टेबल आहे." "तू कुठल्या गावची?" मी गावाचं नाव सांगितलं, मला वाटतं लावून. मुली तोंडात पदर कोंबून हसत होत्या. "आज मेसमध्ये काय?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "मला वाटतं, शेवभाजी आहे." तुम्ही घड्याळाकडे बघून म्हणालात, "नुसतं वाटतं ना? मग आज वाटण्यावरच राहा." त्या दिवशी मला जेवायला मिळालं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'शे' पडलं. "ए शे, बादली रिकामी झाली का?" "शे, तुझं पत्र आलंय." कोर्स संपेपर्यंत मला माझ्या नावानं हाक मारणारी एकच व्यक्ती होती, हजेरी घेणाऱ्या तुम्ही.

प्रामाणिकपणे लिहायचं तर तुमची बाजूही लिहायला हवी. नाहीतर हा सूड लबाडीचा होईल. तिसऱ्या वर्षी एकदा मी धीर करून तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही दगडावर सुयांना धार लावत होतात, एकेक सुई कापसातून ओढून बघत होतात की कुठं अडकते का. वर न बघता तुम्ही म्हणालात, "डॉक्टरला सांगितलं की तो ऐकत नाही. विचारलं की ऐकतो. 'सर, पोट जरा कडक वाटतंय का, बघता का?' असं म्हटलं की तो येतो, बघतो, आणि शोध त्याचा होतो. पेशंट जगला पाहिजे. तुझा शब्द जगला नाही तरी चालेल." तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं. आता वाटतं, शहाणपणाचंच होतं, आणि म्हणूनच ते जास्त वाईट होतं. वाकायचं कसं ते तुम्ही इतकं सुरेख शिकवलंत की सरळ उभं राहण्याची कुणाला आठवणच राहिली नाही.

आणि तुम्ही स्वतः मात्र वाकत नव्हतात. पुढं मी आपल्याच दवाखान्यात स्टाफ नर्स झाले आणि संस्थेनं एका नर्सला पगारी रजा देऊन पदवीला पाठवायचं ठरवलं. मला जायचं होतं. पदवी, मग एम.एस्सी., विषय अत्यवस्थ रुग्णांची शुश्रूषा. इतकं पुढचं मी तेव्हाच मनात धरलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी, आबांनी, मला आत बोलावलं, कागद बघितले आणि तुम्हाला विचारलं, "बाई, पोरगी हुशार दिसते. पाठवायची का?" तुम्ही पदर सावरलात आणि म्हणालात, "हुशार आहेच. पण हिला आणखी शिकवलं तर ही डॉक्टरांना शिकवेल." आबा हसले. मग तुम्ही सावकाश म्हणालात, "मला वाटतं, आत्ता नको." झालं. तुमच्या त्या 'वाटतं'वर शिक्का बसला आणि दुसरी मुलगी गेली. बाहेर आल्यावर तुम्ही वॉर्डाकडे निघून गेलात. मी मात्र त्या दिवशी एक गोष्ट शिकले, जी तुम्ही फळ्यावर कधी लिहिली नव्हती. तुमचं 'वाटतं' म्हणजे दुसऱ्यांचं 'आहे' कापण्याची कात्री होती.

मी राजीनामा दिला. पदवी माझ्या हिमतीवर घेतली, त्यात वर्षं गेली, मग जळगावला एका खाजगी दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात लागले. नव्वदीच्या सुरुवातीला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. नोकरीचा शेवटचा महिना चालू होता, ऊन असं की टेबलाचा पत्रा हाताला पोळत होता, आणि भर दुपारी एक रिक्षा दारात थांबली. तुमच्या भाच्यानं तुम्हाला हाताला धरून उतरवलं. निवृत्त होऊन तुम्ही त्याच्याकडे राहायला आला होतात हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही मला ओळखलंत की नाही, कळलं नाही. तरुण डॉक्टर होता, नवीनच लागलेला. तुम्ही त्याला म्हणालात, "डॉक्टर, मला वाटतं, छातीत जरा भरल्यासारखं होतंय की काय." जन्मभर आम्हाला शिकवलेलं वाक्य, अगदी जसंच्या तसं. तो म्हणाला, "काही नाही मावशी, ऊन लागलंय. लिंबू-सरबत घ्या, पडून राहा."

तुमची युक्ती चालली नाही, बाई. मी ईसीजी काढून मोकळी झाले होते. पट्टी त्याच्यासमोर धरून मी म्हटलं, "सर, हार्ट ॲटॅक आहे. खालच्या भागाचा." तो पट्टीकडे बघतच राहिला. आणि खाटेवरून, घामानं भिजलेल्या, डोळे मिटलेल्या तुम्ही म्हणालात, "'वाटतं' म्हण." भाचा म्हणाला, "मावशी बरळतेय का?" मी म्हटलं, "नाही. त्या शिकवताहेत."

तुमची शुश्रूषा मी नीट केली. यात मी स्वतःला पुन्हा पुन्हा तपासलं आहे. एक औषध उशिरा दिलं नाही, एक चादर चुरगळलेली ठेवली नाही. पण हृदय फार दुखावलं होतं. लघवी कमी होत गेली, पायांवर सूज आली, आणि ही लक्षणं ज्यांनी मला शिकवली त्यांना ती न कळण्याचं कारण नव्हतं. भेटायची वेळ संपून भाचा गेला, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. "काय आहे?" तुम्ही विचारलंत. "मला खरं सांग. काय आहे?" तुमच्या तोंडून असा उघडा प्रश्न मी प्रथमच ऐकला. त्याला 'वाटतं' नव्हतं, 'की काय' नव्हतं. आणि माझ्याजवळ उत्तर तयार होतं, कित्येक वर्षांपासून, वसतिगृहाच्या खाटेवर पडून घोकलेलं. मी तुमचा हात मनगटावरून सोडवला, चादरीवर ठेवला, आणि शांतपणे म्हणाले, "ते डॉक्टर सांगतील, बाई. नर्सला 'आहे' नसतं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं होतं तुम्ही रडाल, किंवा रागवाल, किंवा निदान तुम्हाला ते लागेल. तुमच्या ओठांचा एक कोपरा हलला. "आत्ता कुठं शिकलीस," तुम्ही म्हणालात, आणि डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी मी कामावर येण्याआधी तुम्ही गेला होतात.

बाई, माझा सूड तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलात, आणि तोही शेरा मारून. एम.एस्सी.ची दोन्ही वर्षं मी त्या एका वाक्याशी भांडले. व्हेंटिलेटर, धमनीतल्या रक्ताचे रिपोर्ट, हृदयाच्या प्रत्येक बिघडलेल्या ठोक्याचं नाव, सगळं मी असं शिकले की पुन्हा कुणी मला 'काय शे?' विचारून हसू नये. प्रबंधाचा विषयही तुम्हीच: रुग्ण ढासळण्याआधी नर्सला काय दिसतं, आणि ती ते डॉक्टरला कसं सांगते. गाइडनी विचारलं, "विषय कुठून सुचला?" मी म्हटलं, "वॉर्डातून." ऋणनिर्देशात मी वाचनालयातल्या शिपायाचे आभार मानले आहेत, टायपिस्टचे मानले आहेत. तुमचं नाव नाही. ते पान मी अजूनही कधीतरी काढून बघते, नाव खरंच नाही ना याची खात्री करायला. पण कितीतरी वॉर्डांत बसून परिचारिकांशी बोलले तेव्हा काही जुन्याजाणत्या सिस्टर अशाही भेटल्या की ज्या केवळ प्रश्न विचारून डॉक्टरला धावत आणत. तो परिच्छेद मी लिहिला, काढला, आणि झोप लागेना म्हणून परत घातला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माझ्यापुढे ईसीजीची एक पट्टी धरली. मला ती ओळखू येत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "आय थिंक..." त्या म्हणाल्या, "थिंक?" इंग्रजीतसुद्धा तुम्ही माझ्या आधी पोचला होतात.

आता तुमच्या वर्गात मी उभी असते. पहिल्याच दिवशी मुलींना सांगते, दिसलं ते 'आहे' म्हणून सांगायचं, मान वर करून सांगायचं. मागच्या आठवड्यात साक्रीकडची एक मुलगी वॉर्डात डॉक्टरला म्हणाली, "सर, याले धाप शे." डॉक्टर हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो स्टेथोस्कोप काढून मुकाट्यानं खाटेपाशी गेला. मुलगी बरोबर होती. संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली, घाबरत, रागावते की काय म्हणून. तुमच्या खुर्चीत बसून मी तिच्याकडे बघत होते आणि मला तिला काहीतरी द्यायचं होतं, शाबास, छान, असं काहीतरी. ते शब्द माझ्या तोंडात आलेच नाहीत. आलं ते इतकंच, "आत्ता कुठं शिकतेयस." ती पोर आनंदानं लाल झाली. "थँक्यू, मॅडम," म्हणाली आणि पळत सुटली.

तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलावलं ते त्यामुळे. खुर्ची गेली आणि वाक्य राहिलं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. त्या उपाशी संध्याकाळचं नाही आणि आबांच्या खोलीतलं तर मुळीच नाही. हे कागद कुणाला दाखवायचे नाहीत, तुमच्या भाच्याला तर नाहीच. पण इतकं लिहून झाल्यावर एक गोष्ट उरते, आणि ती न लिहिता उठले तर पुन्हा झोप लागणार नाही. इतकी वर्षं मी धरून बसले की मरताना तुम्ही मला टोमणा मारलात. तो टोमणा नव्हता, बाई. ती शाबासकी होती, असं मला वाटतं.