ठळक अक्षरातली नावं

सोमवार, ३ नोव्हेंबर
लागली एकदाची नोकरी! टेबलही खिडकीपाशी मिळालं. सायखेड्याहून आल्यापासून नाशिकच्या अंबड भागात दादाच्या खोलीवर नुसती बसून होते. दादा, म्हणजे माझा भाऊ कुंदन, एका शब्दाने बोलला नाही, पण ते रिकामपण मलाच खायला उठायचं. आई-आप्पा गेल्यावर त्यानेच शाळा सोडली आणि कंपनीत प्रेस मशीनवर उभा राहून मला शिकवलं.

नाशिकच्या बातम्यांचं छोटंसं पोर्टल आहे. मालक दीपक सर. कॉम्प्युटरवर एक साधा प्रोग्राम आहे, त्याला फीड रीडर म्हणतात. साऱ्या साइटींच्या बातम्या एकाच खिडकीत येऊन पडतात. न वाचलेली ठळक अक्षरात, उघडली की बारीक. जाहिराती नाहीत, टिंगटिंग नाही. माझा तर बाई जीवच जडला त्याच्यावर. मशीनबरोबर तो आपोआप सुरू होतो आणि न वाचलेल्यांतली सगळ्यात वरची बातमी स्वतःच उघडून देतो.

ऑफिस झाडायला अक्काबाई येतात. सकाळी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळायची, स्क्रीनला हळदकुंकू लावायचं आणि मग बटण दाबायचं, हा त्यांचा नेम. लिहितावाचता येत नाही. म्हणाल्या, लक्ष्मी हाय ती, आधी तिला जागं करावं. दादा मला सोडायला आला होता, त्यालाही टिळा लावून मोकळ्या झाल्या.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
यादीत एक बिननावाचं फीड आहे. त्यात फक्त निधनाच्या बातम्या येतात. वर नाव-गाव, उघडलं की फोटो आणि दोन ओळी. आल्या आल्या टाकायच्या, फोन करत बसायचं नाही, असं सरांनी बजावलंय. ‘सगळ्यात आधी’ ही म्हणे आपली ओळख.

पण खात्री केल्याशिवाय माणसाला मेलेलं कसं म्हणायचं? आज एकलहऱ्याच्या गोटीरामबाबांची आली. मी नंबर मिळवून घरी फोन लावला. सुनेने मला असं झापलं की कान लाल झाले. म्हातारा समोर बसून पिठलं-भाकरी खातोय, तुझ्या जिभेला काही हाड? मी माफी मागितली आणि त्या फीडला मनसोक्त शिव्या घातल्या.

संध्याकाळी त्याच सुनेचा फोन आला. बाबा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. रडत रडत एकच विचारत होती, तुला कसं कळलं?

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आता प्रत्येक नाव टाकण्याआधी घरी फोन करते. उघडलं तेव्हा माणूस जिवंत. संध्याकाळी नाही. दरवेळी.

पेठकडच्या भागीबाईंचं नाव मात्र मी उघडलंच नाही. ठळक ते ठळकच ठेवलं. नातवाला रोज फोन करायचे. म्हातारी नागली पाखडते, सुनेशी भांडते, ठणठणीत.

आज सकाळी न वाचलेल्यांत त्यांचंच नाव सगळ्यात वर होतं. अक्काबाईंनी ओवाळलं, बटण दाबलं. मी पोचले तेव्हा भागीबाई स्क्रीनभर हसत होत्या, कपाळावर कुंकू. संध्याकाळी नातवानेच फोन केला.

फीड यादीतून काढून टाकलं. पाणी पिऊन आले तर जागेवर हजर.

बुधवार, १२ नोव्हेंबर
सरांसमोर आज टेबलावर हात आपटला. वाटलं होतं वेड्यात काढतील. छे! त्यांना सगळं ठाऊक आहे. चहा फुंकत म्हणाले, आपण नाही उघडलं तर दुसरं कुणी उघडेल, मग व्ह्यूज त्याचे. स्वतःच्या सासऱ्याचं नाव आलं तेव्हा माझ्या आधी या टेबलावर असलेल्या मुलीकडून उघडून घेतलं होतं, हेही सांगितलं. कसली लाज म्हणून नाही!

हा माणूस स्वतः माउसला बोट लावत नाही. खुर्चीसुद्धा पाठमोरी ठेवतो. आणि बटणाला मुद्दाम अशी बाई ठेवलीय जिला नाव वाचता येत नाही. मेल्या, तुझं वाटोळं होवो. त्या भाबड्या बाईच्या हाताने मढी पाडतोस?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सगळ्यात वर. ठळक.
कुंदन, अंबड.

हात माउसवरून असा उचलला, जणू विस्तव. थेट भिंतीतला प्लग ओढला. वायर काढून पिशवीत घातली. अक्काबाईंना शपथ घातली, मशीनला हात लावू नका. हो हो म्हणाल्या. सर माझ्याकडे बघत होते. नाव त्यांनी वाचलं होतं. शांतपणे म्हणाले, उद्या यायची गरज नाही.

दादाच्या पाया पडले, उद्या जाऊ नको म्हटलं. हसला. खाडा केला तर सुपरवायझर दारात उभा करणार नाही म्हणाला. माझ्या डोक्यावर टपली मारून झोपला.

शनिवार, १५ नोव्हेंबर
कंपनीच्या गेटवर बसलेय. दादा आत. फोन गेटवरच जमा करतात. वॉचमन आत सोडत नाही. त्याच्याशी भांडले, रडले, परत भांडले. मी इथून हलणार नाही म्हणजे नाही. वायर माझ्याजवळ आहे. वायर माझ्याजवळच आहे.

अक्काबाईंना फोन केला. खुशीत होत्या — सरांनी नवी वायर आणली — म्हणाले शपथ सुटली, पूजा करा — केली — बटण दाबलं —

म्हणाल्या, पोरी, तुझा दादा आलाय की यात. लय गोड हसतोय. म्या टिळा लावला त्याला.

दीपक, तुला सोडणार नाही. ऐकतोयस? तुला —

पण दुपारच आहे अजून — संध्याकाळ कुठे झालीय — बाहेर काढते त्याला — काढतेच —

आतल्या मशिनींची धडधड थांबली. सगळी. कुणीतरी ओरडतंय. वॉचमन आत पळाला, गेट उघडंच — दादा, थांब, मी आले, मशीनपासून मागे हो, मागे —