नऊ पेढ्यांची मशीनं

१२ जानेवारी, उदगीर

आज त्याला धरायची वाट सापडली!

राजशेखर. आमच्या व्यापारी संघाचा सचिव. गेल्या हंगामात संघाच्या कॉम्प्युटरवर माझ्या तुरीची ओल रात्रीतून दहा टक्क्यांची चौदा केली, भाव पडला. सकाळी सौद्यात, भर माणसांत — "बसवंता, तुरीला पाणी पाजतोस का रे?" सगळे हसले. मीही हसलो. पूर्वी हमाली करताना शिकलोय हसायला.

आता संघ मालाच्या नोंदी ब्लॉकचेनवर नेणार. तीच नोंद अनेकांच्या मशीनवर, एकट्याला खोडता येत नाही. नेटवर्कही त्यानेच आणलंय. "लई फास्ट हाय!" म्हणे.

बघू.

१५ जानेवारी

संगमेशला बसवलं दोन नेटवर्कं तोलायला. पोरगा माझा, पण कॉम्प्युटरातलं सगळं कळतं त्याला.

राजशेखरचं नेटवर्क — बटण दाबलं की नोंद झाली. पण सगळी मशीनं एकाच माणसाकडे, हैदराबादेत. तो कोण? राजशेखरचा भाचा! आणि त्यातल्या कोडला दिवाळीपासून कुणी हात लावलेला नाही.

दुसरं संथ. अर्धा कप चहा होतो तेवढ्यात एक नोंद. पण जगभरचे लोक रोज त्याच्यावर काम करतायत. मशीनं आपल्याच नऊ आडत्यांच्या पेढ्यांत ठेवायची. काही बदलायचं तर नऊपैकी पाच पेढ्यांचा होकार लागतो.

"अप्पा, हेच धरा," म्हणाला.

१९ जानेवारी

काय सभा झाली! राजशेखरला पोटभर बोलू दिलं. मग गोडीगुलाबीने विचारलं, "अण्णा, वेग झकास. पण मशीनं कुणाच्या घरात?" भाच्याचं नाव त्याच्याच तोंडून काढलं.

मागून रामकिशन आडत्या ओरडला, "म्हंजे ओल पुन्हा रातच्यालाच वाढनार की!"

हशा! राजशेखरचं तोंड पाहण्यासारखं. घरी येऊन एक भाकर जास्त खाल्ली.

२७ जानेवारी

दुसरंच नेटवर्क मंजूर. नऊ मशीनं बसली. एक माझ्या पेढीत.

२८ जानेवारी

बायकोने, शिवकांताने, वाढता वाढता विचारलं, मशीनं कुणाकुणाकडे बसली? नावं सांगितली तर पदर तोंडाला लावून हसायला लागली. "एक राजशेखरच्या मेव्हण्याकडं, एक साडूकडं, एक मावसभावाकडं, एक थोरल्या लेकीच्या सासऱ्याकडं. आवो, तुमी पेढ्या मोजल्या. सोयरे कुनी मोजायचे?"

एवढे तिखट कान माझे, अन् हे सुटलं!

असू दे. चारच आहेत. पाच लागतात! चारावर बस म्हणावं झुरत. पुढच्या हंगामात त्याच्याच तुरीची ओल भर सौद्यात मोठ्याने वाचणार मी — आणि त्याला एक आकडा हलवता येणार नाही.

१२ फेब्रुवारी

संगमेश हार घालून दारात. शेजारी राजशेखरची धाकटी लेक, सुकन्या. रजिस्टर लग्न करून आले. मागे मिठाईचा डबा घेऊन राजशेखर स्वतः. मला मिठीच मारली.

"व्याही," कानाशी म्हणाला, "पाच झाली की!"