शालूचा पदर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ एप्रिल २०२५

चि. मोना हिस आबाचे आशीर्वाद.

तुझे फोन उचलले नाहीत. बोलताना तोंडून वाईट शब्द जाईल म्हणून लिहितो आहे.

काल तुझ्या आईला जाऊन महिना झाला. घरी नैवेद्य दाखवून तालमीपाशी गेलो, तर जोतीरामने मोबाईल पुढे केला. म्हणाला, वहिनींनी लई सोसलं की, चार हजार लोकांनी बघितलंय. बघतो तर दवाखान्यातली खाट, तुझी आई, आणि डोक्यावर पदर नाही. केस गेलेलं डोकं उघडं.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. केस जायला लागल्यापासून शालूने मलाही डोकं दिसू दिलं नाही. न्हाणीतून येतानासुद्धा पदर घट्ट. मीही कधी विचारलं नाही. तिची लाज मी सांभाळली आणि तू ती चव्हाट्यावर मांडलीस. वर गाणं लावलंस. परक्यांनी खाली बदाम टाकलेत. पोटच्या पोरीने असा दगा द्यावा, हे मला सोसत नाही.

व्हिडिओ काढून टाक. नाहीतर पुढच्या महिन्याच्या नैवेद्याला येऊ नकोस.

लोभ होता. किती उरला ते तुझ्या उत्तरावर.

आबा

---

मलकापूर
१६ एप्रिल २०२५

ती. आबांस मोनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळताच व्हिडिओ काढला. टाकायला नको होता, चूक माझीच. आईच्या आठवणीने कशात जीव लागत नव्हता. कुणी चार शब्द लिहिले की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

पण मी तो चोरून काढला नव्हता. त्या दिवशी दवाखान्यातून आईनेच व्हिडिओ कॉल केला, तोच मी रेकॉर्ड केला. म्हणाली, बघ गं कशी दिसतीया, कुणीतरी बघावं की. मी विचारलं, आबांना दाखवलंस का. तर हसली. म्हणाली, सकाळधरनं पदर खांद्यावरच हाय, तेंच्या ध्यानात न्हाय. मोबाईलवर पेठेची फुटबॉल मॅच चाललीया.

हे बोलणं कुणी ऐकू नये म्हणूनच थोडाच भाग घेतला आणि आवाज काढून गाणं लावलं होतं. मूळ व्हिडिओ तुमच्या मोबाईलवर पाठवते. आईच्या मागे खिडकी आहे, तिकडे बघा.

रागवा, पण परकी समजू नका.

तुमची मोना

---

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२१ एप्रिल २०२५

चि. मोना हिस आशीर्वाद.

व्हिडिओ पाहिला. खिडकीपाशी एक माणूस बसला आहे. कानात वायर, मान मोबाईलमध्ये. सहा मिनिटांत ती दोनदा वळून त्याच्याकडे बघते. तो एकदाही वर बघत नाही.

शेवटपर्यंत तिच्या उशाशी होतो, असं मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो. तुलाही सांगितलं. तू ऐकून घेतलंस.

ज्या परक्यांचा मला राग आला, त्यांनी निदान तिच्याकडे बघितलं तरी.

मॅच बघायचो त्या तालमीच्या ग्रुपमधून बाहेर पडलो. जोतीराम म्हणाला, म्हातारपणी रुसायला लागलासा व्हय?

नैवेद्याला ये. आणि पदर खांद्यावर असताना ती कशी दिसत होती, ते मला समोर बसून सांग. मी पुन्हा पुन्हा व्हिडिओ लावतो, पण मला त्यात तो माणूसच दिसतो.

लोभ ठेव, जमला तर.

आबा