बोडकी अक्षरं

सांगली, ९ फेब्रु. १९७४
करवत हिसकावून घेतली, तोवर चारही अक्षरं कापून झाली होती. सुतार घाबरला. प्रेसचे मालक अण्णा घाबरले नाहीत. म्हणाले, "चंद्रकांत पैलवानाचं नाव ओळीत बसेना. शेपट्या तेवढ्या काढल्या."

शेपट्या नव्हेत. शेमले. कुस्तीच्या जाहिरातींसाठी ही लाकडी अक्षरं मी कोरली. प्रत्येकाच्या शिरोरेघेला फेट्याचा उडता शेमला. दोन वर्षं गेली त्यात.

जोडीतल्या दुसऱ्या पैलवानाचं नाव बिरू. आखूड, म्हणून वाचला.

जाहिरात तशीच छापली. जेवलो नाही.

११ फेब्रु.
मेढ्याहून चंद्रकांतचे वस्ताद आले. जाहिरात टेबलावर आपटली.

"त्या जतच्या बिरूला शेमला, आन् आमचा गडी बोडका? सुतकात हाय व्हय त्यो?"

"आवं वस्ताद, जागा नव्हती," अण्णा.

"मग आमाला बी मैदानात जागा न्हाई. चाललो."

हसू यायला हवं होतं. संताप आला. माझी अक्षरं कुणीतरी प्रथमच नीट पाहिली, तीही कापल्यावर.

१२ फेब्रु.
अण्णांचा तोडगा: बिरूचेही शेमले कापायचे. दोघे बोडके, भांडण मिटलं. "लाकूडच आहे रे."

खुर्चीही लाकडाचीच आहे त्यांची. एक पाय कापून बघावा.

मी म्हणालो, चंद्रकांत दोन ओळींत लावा, चारही अक्षरं नव्यानं कोरून देतो. फुकट. अण्णा कसेबसे कबूल. तरी 'बि' आणि 'रू' पिशवीत घालून घरी आणले. न विचारता. भरवसा नाही.

१६ फेब्रु.
कोरून दिली. बोटं सोलली. 'बि' आणि 'रू' छपाईपुरते परत दिले. नवी जाहिरात छापली, मग सहाही अक्षरं घरी आणली. मेढ्याचे वस्ताद खूश. शेमल्यावरून बोट फिरवून म्हणाले, "आता कसं!" क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच.

१८ फेब्रु.
आज जतचे वस्ताद.

"त्येला दोन वळी, आमाला एक? बिरू काय दीड फुटाचा हाय?"

"अहो, नावच लहान आहे," मी.

"नाव त्येच्या आईनं ठेवलंय. वळी तुमी ठेवल्या."

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "तरी सांगत होतो, दोघांचेही कापू." मी ओरडलो. काय ओरडलो, लिहिणार नाही. नोकरी राहील असं वाटत नाही.

१९ फेब्रु.
सकाळी प्रेसवर गेलो. पायरीवर दोन्ही वस्ताद चहा पीत बसले होते. एकमेकांना बिडी देत होते. अण्णांनी सुतार बोलावला होता. पिशवी माझ्या खांद्याला होती, सहाही अक्षरं आत.